ल्योंचा साखरपुडा

॥ श्री ॥
अल् घुब्रा, मस्कत
५ डिसेंबर २०२५

चि. मनालीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मंगळवारी पप्पांच्या कंपनीच्या टपालपेटीत आलं. आत मिळालं ते असं: पत्र एक, कागद दोन, दोन्हींची मागची बाजू कोरी (वापरत जा). द्राक्षवेलीचं वाळलेलं लाल पान एक. तुमच्या विद्यापीठातल्या परदेशी मुलांच्या ऑफिसने दिलेली सणांची छापील यादी एक, सगळी फ्रेंचमध्ये, त्यामुळे मला चित्रांपुरती. तिकीट दोन युरो दहाचं, म्हणजे आपले साडेनऊशे बैसे झाले. यादी नसती तर कमी वजनात भागलं असतं. पान मात्र गीतेत ठेवलं.

तुला तिकडे पाठवताना मी एकच अट घातली होती, महिन्याला एक पत्र, मराठीत आणि हाताने. बारा वर्षं शाळेत इंग्रजी, आता कॉलेजात फ्रेंच, मराठीने जायचं कुठे? अट पाळतेस, समाधान वाटतं. शुक्रवारचा फोन असतोच, पण पप्पा स्पीकर लावून बसतात आणि दार उघडं असलं की शेजारच्या शहनाजलाही तुझा सर्दी-खोकला कळतो. मनातलं बोलणं पत्रातच बरं.

तो बोझोले का काय सण मला आवडला. नवं पीक आलं की नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी सगळं गाव मिळून नव्या द्राक्षांचा रस पितं म्हणतेस. गुरुवार साधतात हे विशेष. आधी थोडा देवापुढे ठेवलास ना?

आता मुद्द्याचं. बौशरच्या विशाखावहिनी भजनाला येतात, त्यांचा स्वरूप इंजिनियर आहे. एकोणतीस पूर्ण. चष्मा आहे, सिगरेट नाही. तू जुलैत सुट्टीला आलीस की पाहण्याचा कार्यक्रम करायचा असं वहिनींशी बोलणं झालंय. कुठली साडी नेसशील ते कळव, म्हणजे ब्लाउज उसवून ठेवते.

तुझी आई

ल्यों
१६ डिसेंबर २०२५

प्रिय आई,

नमस्कार. ह्या वेळी मी मागची बाजू पण वापरते आहे.

८ डिसेंबरला इथे दिव्यांचा सण झाला. फार वर्षांपूर्वी शहराने मेरीमातेला थँक यू म्हणून खिडक्यांत दिवे लावले, तेव्हापासून लावतात. छोट्या काचेच्या ग्लासात मेणबत्ती. आता चार दिवस मोठ्या मोठ्या इमारतींवर रंगीत लाइट पण टाकतात, चर्च हलतंय असं वाटतं. सगळं फ्री, आई! परदेशी विद्यार्थ्यांना ऑफिसने प्रत्येकी सहा ग्लास दिले. मी आणि हिबाने (माझी रूममेट, ट्युनिसची) खिडकीत लावले. एक विझला, तो तिच्या बाजूचा होता.

द्राक्षाचा रस देवापुढे नाही ठेवला. त्याला वास येतो.

सप्टेंबरमध्ये पण एक असतो, जुन्या वास्तूंचा. राजवाडे, कोर्ट, बँका, सगळे आतून बघायला देतात, तिकीट नाही. पुढच्या वर्षी बँकेची तिजोरी बघणार.

साडीबद्दल पुढच्या पत्रात. परीक्षा आहे.

तुझी मनाली

॥ श्री ॥
अल् घुब्रा
३० डिसेंबर २०२५

चि. मनालीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. दिव्यांचं वाचून डोळ्यांपुढे त्रिपुरी पौर्णिमा आली. माणसं कुठलीही असोत, देवाला दिवा लागतोच. पप्पांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "लाइटबिल कोण भरतं?" तेवढं विचारून ठेव.

रसाचं मात्र कळलं. मी शहनाजला कौतुकाने सांगत होते, तिचा यासिर सोफ्यावर लोळत मोबाइल बघत होता. त्याने तिथल्या तिथे शोधलं आणि म्हणाला, "आंटी, बोझोले म्हणजे वाइन." शहनाज तोंडावर पदर धरून हसायला लागली. "भाबी, तुम्ही तो देवाला दाखवायला सांगितलात?" मी उठून घरी आले. एक घोट की ग्लास, हे मी विचारत नाही. विचारत नाही म्हणजे मला कळत नाही असं समजू नकोस.

सणांचं लिहितेस, वाचायला गोड वाटतं. पण विचारलेलं तेवढं सोडून सगळं लिहितेस. विशाखावहिनींनी परवा भजनानंतर माझा हात धरून पुन्हा जुलैचं काढलं. मोरपिशी साडी काढून ठेवली आहे. जुलैत यायचं आहे, लक्षात असू दे.

आई

ल्यों
४ फेब्रुवारी २०२६

प्रिय आई,

सॉरी, जानेवारीचं पत्र राहिलं. म्हणून ह्यात दोन सण लिहिते.

जानेवारीत राजांचा केक असतो. आत एक चिनीमातीची छोटी बाहुली लपवतात. ती ज्याच्या तुकड्यात येईल तो राजा किंवा राणी. आमच्या हॉस्टेलमध्ये सगळ्या देशांची मुलं जमली होती आणि बाहुली मला आली! मी राणी झाले. सोनेरी मुकुट घातला. मग राणीने आपला राजा निवडायचा असतो. सगळे ओरडत होते, निवड, निवड. मी रेमीला निवडलं. तो खूप लाजला, पण मुकुट घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिबा म्हणाली, तू बरोबर निवडलंस, ह्याच्यासारखा माणूस नाही.

परवा सोमवारी २ तारखेला क्रेपचा सण झाला. क्रेप म्हणजे तुझे घावन, पण मैद्याचे. डाव्या हातात सोन्याचं नाणं धरायचं आणि उजव्या हाताने तव्यातला क्रेप उडवायचा. खाली पडला नाही तर वर्षभर लक्ष्मी. नाणं रेमीच्या आजीचं होतं. त्याने स्वतः माझ्या हातात ठेवलं. माझा क्रेप पडला नाही! मग शेवटी साखरपुडा. तो पण रेमीनेच केला. घाईत केला, छोटासाच, पण सगळ्यांचं तोंड गोड झालं. दोन मिनिटांत संपला. हिबाने फोटो काढले, पण सगळे हलले आहेत.

खूप मजा आली. पप्पांना नमस्कार.

तुझी मनाली

॥ श्री ॥
अल् घुब्रा
१४ फेब्रुवारी २०२६

चि. मनालीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. कपडे वाळत घालताना वाचलं, मग चिमटे हातातच राहिले आणि बसून पुन्हा वाचलं.

जे झालं ते झालं. सोमवारी झालं, निदान वार तरी शंकराचा. पण आधी एका शब्दाने विचारलं असतंस तर मी काय नाहीच म्हटलं असतं? कदाचित म्हटलं असतं. तेही खरं. काल फोनवर मी विचारलं, "दोघंही बरे आहात ना?" तर तू किती सहज म्हणालीस, "हो, दोघांना थोडी सर्दी आहे." पप्पा शेजारीच होते म्हणून मी फक्त "आलं घ्या" एवढंच म्हटलं.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगण्याआधी मला माहिती हवी. रेमी हे नाव पत्त्यांच्या डावासारखं आहे, पण नावाला माणूस जबाबदार नसतो. तर, घरी कोण कोण? काम काय? राहतं घर स्वतःचं की भाड्याचं? खाणंपिणं कसं? देवधर्म आहे का? प्रकृती?

उद्या महाशिवरात्र. जुन्या मस्कतच्या शिवमंदिरात रांग लावणार आहे. यंदा देवाकडे नेहमीचं मागणार नाही, एवढंच लिहिते.

आई

ल्यों
२४ फेब्रुवारी २०२६

प्रिय आई,

तुझं पत्र आलं. सोमवारी तुझा उपास असतो, आणि मला पण पाळायला सांगितलं होतंस, मी विसरले. सॉरी. पण इथे सगळेच करतात, आणि मी वर्षातून एकदाच केलं. पुढच्या वर्षी वार बघून करीन.

रेमीची एवढी चौकशी केलीस, बरं वाटलं. तू सगळ्यांची करतेस. तर उत्तरं. आई-वडील नाहीत, तीन भाऊ आहेत. तो आमच्याच इमारतीत खाली राहतो, भाडं नाही. एकशे वीस खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे आहेत, कोणाला खोली द्यायची, कोणाची काढायची, त्याला विचारल्याशिवाय होत नाही. दर रविवारी चर्च. मटण सोडलं, दारू पण. स्वभाव एकदम शांत. फक्त गुडघा दुखतो, जिना चढताना थांबतो.

मी आजारी होते तेव्हा त्याने सूप करून वर आणून दिलं. गुडघा दुखत असताना.

ह्या वेळी तू स्वरूपचं काही विचारलं नाहीस. थँक यू, आई. खरंच.

तुझी मनाली

॥ श्री ॥
अल् घुब्रा
८ मार्च २०२६

चि. मनालीस व चि. रेमी यांस अनेक आशीर्वाद.

बघ, लिहून टाकलं. एक कागद फुकट गेला, पण लिहिलं.

पप्पांना गुरुवारी सांगितलं. रमजान असल्यामुळे ते दोनलाच घरी येतात, जेवण झालं होतं. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता स्फोट होणार. तर म्हणाले, "एकशे वीस खोल्या?" मी म्हटलं, "हो, आणि मटण सोडलंय." ते म्हणाले, "मग लिफ्ट का नाही बसवत? गुडघा दुखतो ना त्याचा?" माणूस पस्तीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत आहे, त्याला दुसरं सुचायचं नाही. पण मग बाल्कनीत जाऊन त्यांनी कधी नव्हे ते वाळलेले कपडे काढले. आत आले तेव्हा एवढंच बोलले, "घाईत केला, असं लिहिलंय ना तिने? आपण असतो तर घाईत नसता केला." मी चहा टाकला.

विशाखावहिनींना मी स्वतः जाऊन सांगितलं. बौशरची बस पकडली, टॅक्सी केली नाही. "मुलीने तिकडे जमवलंय," म्हटलं. त्या म्हणाल्या, "आणि तू शांत कशी?" मी म्हटलं, "तीन सोमवार रडून झालंय." त्यांनी चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत. त्यांचा राग बरोबर आहे.

पार्सल पाठवलं आहे. त्यात टॉवेल-टोपी, रेमीसाठी शर्टपीस (माप माहीत नाही म्हणून जास्त घेतलं), त्याच्या घरात वडीलधारी बाई कोणी असेल तिच्यासाठी खण, सुक्या खोबऱ्याची वाटी, कारण नारळ पोस्टवाला घेईना, आणि गुडघ्यासाठी तेलाची बाटली. फुटबॉल खेळून झालं असेल. कोमट करून लावायचं, वरून खाली, उलट नाही. रेमीला नीट समजावून सांग.

टोपी घातलेला फोटो पाठव, आणि या वेळी हलू नका.

आई

ल्यों
२५ मार्च २०२६

प्रिय आई,

पार्सल शनिवारी आलं. "चि. रेमी" लिहिलं होतं म्हणून मी त्याला बोलावलं आणि आम्ही एकत्र उघडलं. त्याने टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. त्याची बायको सोलांज आली, तिला खण फार आवडला, तिने टेबलावर पसरला. मग त्याच टपालाने आलेलं तुझं पत्र मी वाचलं. 

आई, रेमीला बायको आहे, तू "घरी कोण कोण" विचारलंस तेव्हा मी फक्त त्याच्या आई-वडिलांचं घर लिहिलं, ही राहिली. आणि दोन नातू. तो एकसष्ट वर्षांचा आहे. तो आमच्या हॉस्टेलचा केअरटेकर आहे. किल्ल्या म्हणून आहेत.

आणि साखरपुडा म्हणजे साखरेचा पुडा ना? तूच म्हणतेस, बिस्किटचा पुडा, मेणबत्त्यांचा पुडा. साखर संपली, म्हणून त्याने खालून आणली आणि कागद गुंडाळून त्यात भरली. पुडी नव्हती, मोठा होता, म्हणून मी पुडा लिहिलं. हिबाने मोबाइलवर शब्द बघितला आणि ती बेडवरून पडली. नाणं मी लगेच परत दिलं होतं. आणि सोमवारचं सॉरी क्रेपमधल्या अंड्यासाठी होतं. फोनवरची सर्दी मला आणि हिबाला होती.

आता खरं लिहिते. तुझं पत्र शनिवारी वाचलं आणि आज बुधवार आहे. चार दिवस मी उत्तर दिलं नाही, कारण वाटलं की असंच राहू दे. स्वरूपचं मोडलं होतं. मला तेच हवं होतं. पण टोपी घालून रेमी सगळ्या मजल्यांवर फिरून आला, सगळ्यांना सांगत होता की मनालीच्या आईने पाठवली. मग मला खोटं धरवेना.

मला स्वरूपशी लग्न नाही करायचं. तो वाईट आहे असं नाही. मला कोणाशीच आत्ता नाही करायचं. डिसेंबरपासून लिहायचं होतं, प्रत्येक वेळी सण लिहून पान भरलं.

आणखी एक लपवलं. जुलै-ऑगस्टमध्ये मला काम मिळालं आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला नवीन मुलांसाठी इथल्या सणांची पुस्तिका करायची आहे. कुठला सण काय, काय घालायचं, काय फ्री आहे, कुठे लाजायचं नाही. तुला लिहिलेली पत्रं मी इंग्रजी करून दाखवली, म्हणून मला निवडलं. पगार आहे. त्या बाई विचारतात की कोर्स संपल्यावर पण एक वर्ष राहशील का. मी अजून हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

तू खूप रागावली असशील. पप्पांना पण सांग. विशाखाकाकूंना काय सांगायचं ते मला माहीत नाही.

तुझी मनाली

॥ श्री ॥
अल् घुब्रा
६ एप्रिल २०२६

चि. मनालीस आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. पप्पांनी मोठ्याने वाचायला घेतलं. "एकसष्ट" या शब्दावर ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. शहनाज धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. मीही हसत होते, पण तिचाही अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

आता आधी तुझं व्याकरण. एकसष्ट वर्षांच्या नातवंडवाल्या माणसाला "रेमी आला, रेमी लाजला, रेमीने केला" असं लिहितात? "रेमीकाका आले, लाजले, त्यांनी केला." एवढं अहो-जाहो लावलं असतंस तर माझं महिनाभराचं रडणं आणि पार्सलाचे सात रियाल वाचले असते. मी दहावी शिकलेली बाई, पण आमच्या बाईंनी हे पहिलीत शिकवलं होतं. रेमीकाकांना माझा नमस्कार सांग. "चि." लिहिलं त्याबद्दल माफी माग. टॉवेल-टोपी परत मागायची नाही, ती आजारपणात सूप देणाऱ्या माणसाच्या डोक्यावर गेली, योग्य ठिकाणी गेली. तेल लावतात का ते विचार.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आमच्या मजल्यावरून बातमी खाली जायला जिना लागत नाही. आज संध्याकाळी विशाखावहिनी हजर. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा.

"काय गं सुगंधा, ऐकते ते खरं? काही जमलं-बिमलं नव्हतंच?"

"नव्हतंच, वहिनी. शब्द चुकला तिचा."

"चला, बरं झालं! स्वरूप अजून थांबलाय हं. मग जुलै पक्का?"

पप्पा पेपरात बघत होते, पण पान उलटत नव्हते. माझ्या तोंडावर "पक्का" आलेलंच होतं. वहिनींना एकदा तोडून बोलले होते, पुन्हा कशी बोलू? स्थळ चांगलं, माणसं चांगली, बौशर दहा मिनिटांवर. तू रोज नाही तरी शुक्रवारी दिसली असतीस.

मी म्हटलं, "नाही, वहिनी. मुलगी नको म्हणते."

"का? कारण काय?"

"नको म्हणते, हेच."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "माझ्या स्वरूपला मी तरी कुठे विचारलंय म्हणा." आणि डबा घेऊन उठल्या. दारात जाऊन परत आल्या आणि चार लाडू काढून ठेवले. मी बशी दिली.

त्या गेल्यावर एक विचार केला तो तुला सांगते, लाज वाटते तरी. तुझं परस्पर जमलंय असं समजून मी शिवमंदिराच्या रांगेत दोन तास उभी होते. तिथे मी शंकराला विचारत होते की माझ्या मुलीच्या मनात काय आहे ते मला कसं कळलं नाही. तेवढ्या वेळात तुलाच विचारता आलं असतं. डिसेंबरपासून मी "ये" लिहिलं, "साडी कुठली" लिहिलं. "येशील का" असं कुठेच नाही.

काम कर. पुस्तिका चांगली लिही. नवीन मुलं घाबरलेली असतात, त्यांना आधी फुकट काय आहे ते सांग, मग बाकीचं. रस म्हणजे वाइन हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिही, कोणाच्या तरी आईचे उपकार होतील. पप्पा म्हणतात, जुलैत त्यांना कंपनीचं तिकीट मिळतं ते यंदा गावाऐवजी तिकडचं काढता येतं का बघतील. ते त्यांचं बघतील, तू त्यावर विसंबू नकोस.

आता मी विचारते. त्या बाई एक वर्ष राहशील का म्हणतात. तुला राहायचंय? पहिल्या ओळीत उत्तर लिही, सण त्याच्या खाली. यायचं असेल तर "येते" लिही. राहायचं असेल तर "राहते" लिही, मला वाईट वाटेल म्हणून दुसरा कुठला शब्द शोधत बसू नकोस. मी ते पप्पांना वाचून दाखवण्याआधी एकटीने दोनदा वाचीन, एवढंच. उलट टपाली कळव.

तुझी आई